चार हात जमीन

मुनिमहाराज विहार करतात तेव्हा त्यांची दृष्टी पुढच्या चार हात जमिनीवर असते. ईर्यासमितीचा हा नियम पाठशाळेत असल्यापासून ऐकत आलो होतो. चार हात म्हणजे साधारण सहा फूट. त्याचा हिशेब मांडावासा वाटला तो मात्र वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, उजवा पाय उशीवर ठेवून अंथरुणावर पडलो असताना. मोटारसायकल ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर एका सेकंदात ती सुमारे ४५ फूट जाते. समोरचा धोका ध्यानात येऊन हात ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एवढा एक सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच मुनींच्या दृष्टीच्या सातपटीहून अधिक जमीन चाकाखालून गेलेली असते. आयुष्यभर व्याजाचे हिशेब करणाऱ्या माणसाने हे त्रैराशिक एकदाही मांडू नये, याचे मलाच नवल वाटले.

मार्गशीर्षातली गोष्ट. शाखेतील एका जुन्या सहकाऱ्याकडे नारायणगडाच्या परिसरात गेलो होतो. त्यांच्या आग्रहाने गडावरही जाऊन आलो. नगद नारायण महाराजांच्या या स्थानाला आमच्या बीड जिल्ह्यात ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. आपला मार्ग वेगळा असला तरी तेथील शांतता मला नोकरीच्या काळापासून परिचयाची आहे. पीककर्जाच्या पाहणीसाठी या भागातली खेडी मी मोटारसायकलवरूनच पालथी घातली. पावसाळ्यात चिखलातून गाडी ढकलली, एकदा ओढ्यात बंदही पडलो. पण कधी पडलो नव्हतो. या ‘कधी पडलो नव्हतो’चाही एक अहंकार असतो.

गप्पांत वेळ गेला. त्या दिवसांत आमच्याकडे सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो आणि माझा रात्रिभोजनाचा त्याग आहे. पाच वाजता निघालो. सूर्य कलत होता, तसा माझा हात ॲक्सिलरेटरवर आवळत होता. ताट वाढून सौ. वाट पाहत असतील, घरी पोहोचून हातपाय धुवायला पाच मिनिटे, जेवायला पंधरा, असा हिशेब चालला होता. एका वळणापुढे रस्त्यावर हुलगे पसरलेले होते. पूर्वी गावोगावी खळी होती, बैल होते. आता खळी गेली, बैल गेले, मळणीयंत्राचे भाडे थोड्या मालाला परवडत नाही. म्हणून डांबरी रस्ता हेच खळे आणि जाणारी-येणारी वाहने हेच बैल. वाळलेल्या पाल्यावर चाक गेले आणि मी पुढचा ब्रेक दाबला. जे करू नये तेच केले. नवीन गाड्यांना चाक अडकू न देणारी किंवा दोन्ही ब्रेक एकदम लावणारी यंत्रणा २०१९ पासून सक्तीची झाली आहे. माझी गाडी त्याआधीची. चाक अडकले, गाडी आडवी झाली आणि आम्ही दोघे, ती आणि मी, घसरत गेलो.

आम्ही थांबलो तेथून हातभर अंतरावर एक सहा-सात वर्षांचा मुलगा शेळीची दोरी धरून उभा होता.

मुलगा रडला नाही, पळाला नाही. फक्त पाहत राहिला. मला त्याचे डोळे आठवतात, पायाची कळ आठवत नाही. हुलगे पसरणारी म्हातारी धावत आली. “आमच्या हुलग्यानं घात केला ओ भाऊ,” असे म्हणत तिने माझ्या डोक्याखाली पोते दिले. कोणीतरी जीप थांबवली. हेल्मेटवर एका बाजूला खोल ओरखडा होता. ते ओरखडे कपाळावर उमटले नाहीत एवढेच. नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. आत सळई बसवावी लागली.

पुढचे महिने सर्वांचे सारखेच जातात: वॉकर, मग काठी, मग काठी विसरून दोन पावले. त्याविषयी फार लिहीत नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण पायाची चौकशी करी आणि ‘जिवावरचे पायावर निभावले’ म्हणून पुण्याईला श्रेय देऊन जाई. मुलाविषयी मी कोणाला सांगितले नव्हते, सौ.नाही नाही.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातला आहे. आचार्य अमृतचंद्र पुरुषार्थसिद्ध्युपायात त्याही पुढे जातात. सावधपणे वागणाऱ्याच्या हातून नकळत जीव गेला तरी त्याला केवळ त्यामुळे हिंसक म्हणत नाहीत. आणि बेसावध माणसाच्या बाबतीत जीव वाचला काय, गेला काय, हिंसा घडलेलीच असते. स्वाध्यायात ही ओळ मी अनेकदा समजावून सांगितली होती. आता ती माझ्याकडे बोट दाखवू लागली. सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी म्हणून घेतलेला नियम पाळण्यासाठी मी एका मुलाच्या अंगावर गाडी घालण्याच्या बेतात होतो. मुलगा वाचला, हे माझ्या जमेच्या बाजूला लिहिता येत नव्हते.

मुलगा पुण्याहून आला तो गाडी विकण्याचा निश्चय करूनच. त्याने मोबाईलवर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अहवाल काढून वाचून दाखवला: “बाबा, वर्षभरात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर गेली. त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची.” मी त्याच्या हातून मोबाईल घेतला. त्याच पानावर खाली पायी चालणाऱ्यांचा आकडा होता: ३२,८२५. मुलाला त्यात विशेष काही वाटले नाही. माझी नजर तेथून हलेना.

आषाढात परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. आमच्या वयात परवाना पाच-पाच वर्षांनीच वाढतो आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, नमुना १-अ. मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो, म्हणून डॉक्टरांनी मला घोटा जोराने, एकदम दाबून दाखवायला सांगितला. दहादा दाबला. “पाय तयार आहे,” ते म्हणाले, “मनाचे तुम्ही पाहा.” सही घेऊन आलो. अर्ज केला, परवाना आला. गाडी मात्र पत्र्याच्या शेडमध्ये कापडाखालीच राहिली. विकायला मन होत नव्हते आणि किल्ली फिरवायला हात होत नव्हता. सौ. म्हणाल्या, “तुम्हाला पडण्याची भीती वाटत नाही, हे मला दिसतं. मग कशाची वाटते?” त्या दिवशी त्यांना मुलाविषयी सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्याला भेटायला हवं.”

दशलक्षण पर्व आले. भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावाणी. मोबाईलवर शंभरेक जणांना उत्तम क्षमेचा संदेश पाठवला, तितकेच आले. ज्यांचा अपराध आठवतही नव्हता, त्यांची क्षमा मागून झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कापड काढले.

वेग ३५ च्या पुढे जाऊ दिला नाही. मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न देऊन पुढे गेले. घर शोधायला त्रास पडला नाही. वळण मला पाठ होते. म्हातारीने मला पाहिले आणि तिच्या हातातील सूप तसेच राहिले. “भाऊ, केस केली का?” हे तिचे पहिले शब्द. लेक आणि सून त्या वेळी ऊसतोडीला कारखान्यावर होते, नातवाला तिच्या जिवावर सोडून. रस्त्यावर हुलगे पसरल्याबद्दल पोलीस येतील म्हणून तिने तो हंगाम उरलेली तूर रस्त्यावर टाकली नव्हती. बडवून काढली होती. नऊ महिने ती माझ्या तक्रारीची वाट पाहत होती आणि मी अंथरुणावर पडून माझ्या आत्म्याचा हिशेब करीत होतो! तिला माझ्याकडून एक निरोप हवा होता, तो मला सुचलाही नाही.

मी सांगितले, “बाई, वेग माझा होता. तुमच्याकडे माफी मागायला आलो आहे.” तिला ते समजले की नाही, कोण जाणे. तिने मला जाऊ दिले नाही. लेक शेतातून येईपर्यंत बसा, म्हणाली. मुलगा शाळेतून आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “हीच गाडी व्हती का?” हो म्हटल्यावर तो मागच्या सीटवर चढून बसला. उतरायला तयार होईना.

लेक आला तेव्हा पाच वाजून गेले होते. चहा झाला, बोलणे झाले. परतताना सूर्य समोर होता, नंतर टेकडीला टेकला, नंतर गेला. काटा ३५ वरच होता. शहराच्या अलीकडे दिवे लागले. सौ. दारात उभ्या होत्या. ताट झाकून ठेवलेले दिसत होते. “आज उपवास,” मी म्हणालो, “पाणीही सकाळीच घेईन.” आणि गाडी आत लावली.