चला, तंतुवाद्यांच्या गावाला!

मुलांनो, भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट तुम्ही नक्कीच ऐकली असेल. पण भोपळ्यामुळे एक अख्खं गाव देशभर नावाजलं, हे ठाऊक आहे का? हे गाव गोष्टीतलं नाही बरं का, नकाशातलं आहे. नकाशात सांगली शोधा. तिथून बोट जरासं पूर्वेला सरकवा, की आलंच मिरज!

मिरज म्हटलं की मोठ्या माणसांना दोन गोष्टी आठवतात, दवाखाने आणि रेल्वेचं जंक्शन. तिसरी गोष्ट कानांनी ओळखायची. सतारमेकर गल्लीत शिरलात की कुठे कानशीचा आवाज येतो, कुठे पॉलिशचा वास, आणि मधूनच कुणीतरी तार छेडतं... टणंऽऽऽ!

हा उद्योग इथे आला कसा, ती हकिगत मोठी गमतीची आहे. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे कारागीर. पेशवाई 1818 साली संपली, इंग्रजी अंमल आला. लढाया थांबल्या, मग तलवारी कोण घेणार? हातात कसब, पण काम नाही! अशा वेळी, 1850च्या सुमारास, मिरजेतले फरीदसाहेब शिकलगार वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि पुढे स्वतःच तंबोरे, सतारी बनवू लागले. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन गाण्याचे शौकीन होते. त्यांच्याकडे गवई येत, गवयांना वाद्यं लागत. शिकलगारांच्या घराण्यातल्या अनेकांचं आडनावच पुढे 'सतारमेकर' पडलं. पाहिलंत? तलवारीच्या हातात तार आली!

आता तंबोरा कसा होतो ते बघू. त्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे शेतकरी तो खास वाद्यांसाठी पिकवतात. भोपळा चांगला वाळला की आतल्या बिया खुळखुळ वाजतात. मग तो भिजवून मऊ करायचा, कापायचा, आतला गर कोरून काढायचा. त्याच्या तोंडावर लाकडाची तबली बसवायची, वर लांब दांडी जोडायची. मग नक्षी, पॉलिश, खुंट्या, घोडी आणि शेवटी चार तारा. पूर्वी नक्षीसाठी हस्तिदंत वापरत. आता त्यावर बंदी आहे, म्हणून प्लॅस्टिकची नक्षी करतात.

झाला तंबोरा? छे! खरं काम पुढेच आहे. तारा ज्या घोडीवरून जातात, ती अगदी हलक्या हाताने घासून तिला बारीकसा उतार द्यावा लागतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधावी लागते. याला म्हणतात 'जवारी'. ती जमली की तार नुसती वाजत नाही, गुंजते. या कामाला मोजपट्टी उपयोगी नाही, कान लागतो. आणि कान पुस्तकातून तयार होत नाही. वडिलांजवळ, काकांजवळ वर्षानुवर्षं बसून तो तयार होतो.

म्हणूनच गाणारे आणि वाद्यं करणारे एकाच गावात असले की दोघांचंही भलं होतं. गवई म्हणतो, 'खर्ज नीट बोलत नाही.' कारागीर लगेच घोडी घासून बघतो. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांनी आयुष्याची शेवटची वर्षं मिरजेत काढली. 1937 साली ते गेले. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. केवढी मोठी परंपरा ही! खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी उरुसात दर्ग्यात गाण्याची मैफल होते. आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव भरतो. गाव तेच आणि सूरही तेच.

आणखी ऐका. विष्णु दिगंबर पलुसकर गाणं शिकले ते मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. पुढे 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजवाड्यातलं गाणं त्यांनी सर्वसामान्यांच्या मुलामुलींसाठी खुलं केलं. आणि बालगंधर्वांनी नाटकात पहिलं पाऊल टाकलं तेही मिरजेतच, 1905 साली.

आता थोडं गणित. भिऊ नका, आकडे नाहीत! एक तंबोरा विकला गेला की पैसे कुणाकुणाला मिळतात? भोपळा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला, तो आणणाऱ्या गाडीवाल्याला, लाकूडवाल्याला, नक्षी काढणाऱ्याला, पॉलिशवाल्याला, जवारी लावणाऱ्याला, तारा विकणाऱ्याला. वाद्य बाहेरगावी पाठवायचं तर खोकं बांधणाऱ्याला. महोत्सवाला पाहुणे आले तर रिक्षावाल्याला आणि खानावळवाल्यालासुद्धा. एका तारेवर किती घरं उभी आहेत, बघा!

तुम्ही म्हणाल, एकाच गल्लीत इतकी दुकानं, मग भांडणं होत नाहीत? चढाओढ असतेच. पण सराफकट्ट्यावर सगळे सराफ शेजारी-शेजारी बसतात ना? का? तर गिऱ्हाइकाला तिथेच जायची सवय लागते. तसंच हेही. तंबोरा हवा? चला मिरजेला! गावाचं नाव झालं की त्या नावाचा फायदा सगळ्यांनाच होतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे 'मिरजेची सतार', 'मिरजेचा तंबोरा' हे नाव आता दुसऱ्याच गावच्या मालाला कुणी लावू शकत नाही.

पण मित्रांनो, सगळंच गोड नाही. आज छोट्याशा इलेक्ट्रॉनिक पेटीतून तंबोऱ्याचा आवाज निघतो, मोबाईलमधूनही निघतो. ती पेटी स्वस्त, प्रवासाला सोपी, सूर लावायची कटकट नाही. मग मोठा तंबोरा कोण सांभाळणार? इकडे पाऊस लहरी झालाय आणि भोपळ्यापेक्षा ऊस बरा, असं शेतकऱ्याला वाटू शकतं. कारागिरांची मुलं शिकली, दुसऱ्या कामाला लागली. त्यात वाईट काहीच नाही. शिकलगारांनीही एकदा धंदा बदललाच होता की! पण एक फरक लक्षात घ्या. तलवारींची गरज संपली होती. सुरांची गरज संपलेली नाही. ज्या मांडीशी बसून जवारी शिकायची ती मांडीच रिकामी झाली, तर तो कान पुन्हा कुठून आणणार? मानांकनाचा कागद नाव राखील, हात राखणार नाही.

मग आपण काय करायचं? पुढच्या वेळी गाण्याच्या कार्यक्रमाला गेलात, तर गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्यांकडे बघा आणि दोन मिनिटं फक्त तोच ऐका. मिरजेला गेलात तर सतारमेकर गल्लीत जाऊन या. हाताने उगाच काही छेडू नका. 'काका, जवारी कशी लावतात?' एवढं विचारा. विचारणाऱ्याला तिथे हौसेनं दाखवतात.

आणि हो, तुमच्या गावाचा आवाज कोणता? ढोल-ताशांचा, सनईचा, भजनाच्या टाळांचा, की हलगीचा? ती वाद्यं कोण करतं, कुठून येतात, त्यावर किती घरं चालतात, ते शोधून काढा. एका वहीत लिहून ठेवा. गावाची ओळख वेशीवरच्या पाटीवर लिहिलेली असते, तशी ती कानातही असते. तुमच्या कानात कोणती आहे?