उसण नव्हती ती!

"अहो, राहू द्या, मी सरकवते," असं मी आतून ओरडेपर्यंत ह्यांनी सिलिंडर उचललासुद्धा होता. दोन पावलं टाकली आणि "आई गं!" करून जे खाली बसले ते उठेनात. २०२३ चा डिसेंबर महिना. शाळेचं स्नेहसंमेलन चार दिवसांवर आलेलं, पाचवीच्या मुलींचं कोळीगीत मी बसवत होते, बैठकीच्या खोलीत झालरींचा पसारा. तो बाजूला सारून सतरंजी घातली आणि ह्यांना आडवं केलं.

"उसण भरली," सासूबाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. उसण कुणाच्या घरी भरत नाही? वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं, तेल चोळलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आपल्या पुतण्याला घेऊन आल्या. तो पायाळू. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण पळते, ही समजूत तुमच्याकडेही असेलच. मी बी. ए. झालेली, वर्गात अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारी. पण नवरा कळांनी पांढराफटक पडलेला असला की पदवी कपाटातच राहते. त्या मुलाने तीन वेळा पाय लावला, जरासा दाबलाही. हे किंचाळले. तो आवाज आठवला की अजून माझ्या पोटात कालवतं.

कारण ती उसण नव्हतीच. पाठीचा मणका दबून मोडला होता.

एका सिलिंडरने चाळिशीच्या आतला पुरुष मोडतो कसा, असं तुम्हाला वाटेल. त्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं. २०२० साली ह्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. माझा रक्तगट जुळेना, सासूबाईंचा जुळला. "जन्म दिला तिथे एका किडनीचं काय घेऊन बसलात!" असं म्हणून त्या साठाव्या वर्षी ऑपरेशनच्या टेबलावर गेल्या. २०२३ च्या जानेवारीत पुण्याला शस्त्रक्रिया झाली आणि देवाच्या दयेने उत्तम झाली.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच आकडा पुजला जाऊ लागला, तो क्रिएटिनिनचा. शेजारीपाजारी मुलाचे मार्क विचारावेत तसे विचारायचे, "या महिन्यात किती?" मी ऐटीत सांगायची, "एक पूर्णांक एक." मूत्रपिंड चालतंय ना, मग सगळं चाललंय! हाडांचं कुणी विचारलं नाही, मीही नाही. दोष तरी कुणाला देऊ? घरी सोडताना दिलेल्या कागदांत तिसऱ्या पानावर हाडांच्या तपासणीची एक ओळ होती. औषधांच्या वेळांचं पहिलं पान मी पाठ केलं होतं. तिसरं पान नंतर नीट वाचलं, मणका मोडल्यावर.

आठव्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाठीला हातही लावायच्या आधी विचारलं, "प्रेडनिसोलोन चालू आहे ना? मग आधी एक्स-रे." मला वाटलं, हे काय भलतंच. पण फोटोत तो मणका पुढच्या बाजूने बसलेला स्पष्ट दिसत होता, इतर मणक्यांच्या रांगेत पाचरीसारखा.

पुण्याच्या डॉक्टरांनी मग शांतपणे सगळं समजावलं. दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीराला परकंच वाटतं. १९५४ साली बोस्टनला पहिलं यशस्वी रोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून तिथे अशा गोळ्यांची गरज पडली नाही. बाकी सगळ्यांना शरीराचा विरोध दाबायला औषधं घ्यावीच लागतात, अगदी आईची किडनी असली तरी. त्यातलं स्टिरॉइड हाड बांधणाऱ्या पेशींना मंद करतं, अन्नातलं कॅल्शियम कमी शोषू देतं आणि लघवीवाटे जास्त घालवतं. पहिल्या वर्षभरात, त्यातही पहिल्या सहा महिन्यांत, हाडांची झीज सगळ्यांत वेगाने होते. म्हणजे आम्ही पेढे वाटत होतो तेव्हाच आतून भिंत पोखरत होती.

आणि भिंत आधीपासूनच कच्ची होती. आजारी मूत्रपिंडाला ड जीवनसत्त्व कामाला लावता येत नाही, रक्तात फॉस्फरस साठतो. मग मानेत थायरॉइडच्या मागे असलेल्या चार चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात आणि रक्तातलं कॅल्शियम सांभाळण्यासाठी हाडांतून ते काढू लागतात. मला हे कणगीच्या भाषेत समजलं. दुष्काळात घरची बाई रोज कणगीत हात घालते. पुढे चांगला पाऊस झाला, शेत पिकलं, तरी तिच्या हाताची सवय जात नाही. नवं मूत्रपिंड आलं तरी ह्यांच्या त्या ग्रंथींचा हात कणगीतच होता.

त्यात माझी भर. डायलिसिसच्या दिवसांत दूध, पनीर, शेंगदाणे, डाळी यांवर फॉस्फरसमुळे बंधन होतं. ती यादी मी फ्रिजवर चिकटवली होती. शस्त्रक्रियेनंतर पथ्य बदललं, असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलंही होतं. पण माझा हात आखडलेलाच. अर्धा कप चहातलं दूध सोडलं तर अकरा महिने ह्यांच्या पोटात दूध गेलं नाही. वर उन्हाची भीती. या औषधांमुळे त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून कडक ऊन टाळायचं असतं. आम्ही कोवळंही टाळलं! पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, वर छत्री. ड जीवनसत्त्व तपासलं तर ते तळाला गेलेलं.

मला त्या रात्री एकच सुचलं: ती पांढरी गोळी बंद करायची. खरं सांगते, डबीतून काढून ठेवायचाही विचार मनात आला होता. बोलून दाखवला म्हणून वाचले. डॉक्टर पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, "वहिनी, मणका भरून येईल, किडनी गेली तर परत कुठून आणणार? गोळी कमी करायची तर आम्ही करू, तुम्ही नाही." सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. पदराशी चाळा करत एवढंच म्हणाल्या, "माझी किडनी टिकायची आणि माझ्या पोराची हाडं जायची, असं नको हो."

मग हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. नुसतं टेबलावर निजायचं, वरून यंत्राचा हात फिरतो, पाव तासात मोकळे. दुखत नाही, किरणंही अगदी थोडी. पन्नाशीच्या आतल्या पुरुषाची तुलना त्याच्याच वयाच्या माणसांशी करतात. उणे २ किंवा त्याखाली आलं तर हाडं वयाच्या मानाने कमी भरतात. ह्यांचे कमरेचे आले उणे २.४.

बातमी पसरली आणि घरात कॅल्शियमच्या बाटल्यांची रांग लागली. नणंदेने दोन, काकूंनी एक, कुणी प्रवाळभस्म, कुणी हाडजोडीची पूड. मायेने आणलेलं परत कसं करायचं? पण रक्त तपासलं तर ह्यांचं कॅल्शियम वरच्या टोकाला टेकलेलं. हाडांतून निघालेलं रक्तात येणारच की! वरून गोळ्या ओतल्या असत्या तर त्या नव्या मूत्रपिंडालाच जड गेल्या असत्या. डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी दिलीच नाही. दूध, दही, नाचणी, पालेभाजी यांतूनच येऊ द्या म्हणाले. दुसऱ्या कुणाला ते गोळीही देतील. रक्त पाहिल्याशिवाय कळत नाही. भस्मं आणि पुड्या तर या औषधांबरोबर न विचारता घ्यायच्याच नाहीत. मी सगळं एका डब्यात भरून माळ्यावर टाकलं आणि नणंदेला म्हटलं, "ताई, चालू आहे हो!" एवढं खोटं चालतं.

फ्रिजवरची जुनी यादी फाडली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे मी मुलींना शिकवत होते आणि घरात नाचणीचा डबा वरच्या फळीवर! आता सकाळी नाचणीची आंबील, रात्री कपभर दूध. ड जीवनसत्त्वाची पुडी आधी भरून काढली, मग आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी सुरू झाली.

या गोळीने आमचा रविवार पार बदलला. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. ज्या माणसाला डोळे उघडताच चहा लागतो त्याला हे सांगून बघा! पहिल्या रविवारी हे घड्याळासमोर खुर्ची टाकून बसले होते.

पट्टा दीड महिना होता. सूर्यनमस्कार सुटले, त्याचं ह्यांना फार लागलं. पण पुढे वाकायचंच नाही म्हटल्यावर काय करणार? त्याऐवजी रोज पाऊण तास चालणं. हाडावर अंगाचा भार पडला की हाड धरतं म्हणे. न्हाणीघरात रात्रभर दिवा असतो, पायपुसणी घसरत होती ती काढली. सिलिंडर आला की मी आणि सासूबाई तो गडगडवत नेतो आणि हे दारात हात मागे बांधून सूचना देतात. त्या सूचना सिलिंडरपेक्षा जड!

२०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा डेक्सा केली. उणे २.१. "पेढे नकोत, औषध चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले. मग सासूबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "आजी, तुमची कधी केली होती?" कुणीच केली नव्हती. एक मूत्रपिंड दिलेली बासष्ट वर्षांची बाई, आणि तिच्या हाडांचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. त्याच दुपारी त्यांनाही टेबलावर निजवलं. झीज निघाली, मोडण्याइतकी नाही.

आता सकाळी मायलेक दोघं फिरायला जातात, कोवळ्या उन्हात, साडेआठच्या आत परत. आंबील दोन वाट्या करते. सासूबाई त्यात साखर मागतात, मी ताक घालते.