तिसरी खाट

गेल्या जून महिन्यात आमच्या बिऱ्हाडातील तिसरी खाट रिकामी झाली. बँकेतले आमचे सोबती बदली होऊन नागपूरला गेले आणि सदाशिव पेठेतील त्या दोन खोल्यांचे २१ हजार रुपये भाडे उरलेल्या दोघांच्या माथी आले. माझे कुटुंब साताऱ्यास. मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. तेव्हा चिंता निव्वळ वाङ्मयीन नव्हती, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईलच.

सोबती कसा हवा, हे आम्ही कागदावर मांडले. दहाला दिवा मालवणारा, आपली भांडी घासणारा, मोबाइलवर हळू बोलणारा. लिहितालिहिता लक्षात आले की, असा माणूस आमच्या दोघांतही कोणी नाही! (वधूसंशोधनास निघणाऱ्यांनी असा कागद जरूर करावा, पुष्कळ लग्ने टळतील.)

सहाजण येऊन गेले. एकाने आल्याआल्या गॅसचा हिशेब विचारला, दुसऱ्याने वाय-फायचा वेग. चौथा मुलगा परभणीकडचा, स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारा. माझ्या पुस्तकांकडे पाहत म्हणाला, "सर, रात्री उशिरापर्यंत दिवा चालेल ना? नाहीतर मी जिन्यात बसून वाचीन." मला तो तिथेच पटला.

घरमालक खालीच राहतात. सज्जन गृहस्थ. चहा देऊन त्यांनी विचारले, "आडनाव काय म्हणालात?" त्याने सांगितले. मालकांनी कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "खाण्यापिण्याचं जरा... तुम्ही समजून घ्या, सर."

मी समजून घेतले. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी अन् नोंदलेला लागतो. त्यात नाव-पत्ता विचारतात, जात नाही, हे मला ठाऊक होते. पण आमचाही ११ महिन्यांचा करार ऑगस्टात संपायचा होता. मुलगा नमस्कार करून गेला.

त्याच आठवड्यात वर्गात बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' शिकवायची होती. संग्रह १९६३ चा. कथेत भाड्याच्या खोलीचाच प्रश्न. तासभर शिकवली. चांगली झाली, असे मुले म्हणाली.

संध्याकाळी जिन्यात उभा राहून त्या मुलाला फोन केला. म्हणालो, मालकांशी बोलतो.

"नको सर, जागा मिळाली. सगळे आमच्याकडचेच आहेत," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

मालकांशी मी अजून बोललेलो नाही. करार मात्र नवा झाला. खाटेवर सध्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात, आणि भाडे आम्ही दोघेच भरतो.