अंड्याला ठिगळ

कॅनडाहून परतलेल्या माणसाने नायगाराचे वर्णन करावे, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. मला तो पाळता येत नाही, कारण मी नायगारा पाहिलाच नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीतले माझे बहुतेक दिवस विनिपेग शहरातल्या एका घराच्या परसात, १३ फूट लांबीच्या एका अंड्याच्या पोटात, हातात टेकू धरून उभे राहण्यात गेले.

हे अंडे म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायची फिरती खोली. तिकडे तिला ट्रेलर म्हणतात. आत बाके, टेबल, छोटी शेगडी, हात धुण्यापुरते बेसिन. रात्री टेबल खाली उतरवले की त्याचाच बिछाना. अशा गाड्या त्या देशात उदंड आहेत. पण ही ‘बोलर’ जातीची, आणि बोलर हे विनिपेगचेच अपत्य. तिचा जनक रे ओलेको. त्याने आधी फायबरग्लासची हलकी सेप्टिक टाकी बनवली होती. तिच्याकडे बघता बघता त्याला वाटले, की याच मालाची हलकीफुलकी सहलीची गाडी का होऊ नये? सँडर डुसा या भागीदाराला घेऊन त्याने १९६८ साली ती करून दाखवली. वरचे कवच एका साच्यातून, खालचे दुसऱ्या साच्यातून, आणि दोन्ही कमरेपाशी जोडलेली. सुरुवातीला किंमत सुमारे १४०० डॉलर आणि वजन इतके बेताचे, की लहान मोटारीनेही ओढावी. नाव दिले बोलर हॅटवरून. १९८८ पर्यंत अशी सुमारे १०,००० अंडी निघाली आणि मग कारखानदारी थांबली. पण प्रेम थांबले नाही. २०१८ साली पन्नाशीनिमित्त विनिपेगला मेळावा भरला, तेव्हा शेकडो बोलर माहेरी आल्या होत्या म्हणे. कुठे सेप्टिक टाकी आणि कुठे माहेरपण!

माझ्या धाकट्या भावाकडची बोलर मूळ त्याच्या शेजाऱ्यांची. शेजारीणबाई युक्रेनी वंशाच्या, ऐंशीच्या घरातल्या. युक्रेनी भाषेत आजीला ‘बाबा’ म्हणतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी “बाबा आल्यात, चहा टाका हं,” असे भावजयीने म्हटले, तेव्हा मी व्याकरणाचा प्राध्यापक असूनही दचकलो. बाबांचे यजमान दर उन्हाळ्यात या गाडीतून फिरत. कुठे मुक्काम केला ते कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवत: साल, ठिकाण, आणि ‘फार डास’ किंवा ‘चांगले मासे’ असा एखादा शेरा. शेवटची ओळ २०१९ च्या उन्हाळ्यातली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात, झाडांवर पाने असतानाच, विनिपेगवर ओले जड बर्फ कोसळले. पानांवर बर्फ साचले आणि शहरभर हजारो झाडे मोडली. बाबांच्या एल्मची एक फांदी बोलरच्या टपावर आली. आजोबांनी भोकावर ताडपत्री बांधली, वसंतात बघू म्हणाले, आणि पुढच्या वसंतापर्यंत राहिले नाहीत. ताडपत्री फाटली, बर्फ वितळत राहिले, पाणी आत जात राहिले. शेवटी बाबांनी गाडी कचऱ्यात द्यायची ठरवली. फायबरग्लास वितळवून पुन्हा घडवता येत नाही. रेझिन एकदा कडक झाले की झाले. म्हणजे गाडी पुरायचीच. धाकट्याने ती एका डॉलरला विकत घेतली. भावजयीने हे मला सांगितले, तेव्हा तिच्या स्वरात त्या डॉलरचेही दुःख होते.

मी गेलो होतो वेगळ्याच कामाला. कोकणातले आमचे वडिलोपार्जित घर विकायचे होते, आणि त्यासाठी धाकट्याकडून कुलमुखत्यारपत्र हवे होते. कागदांची फाईल माझ्या बॅगेत होती. पहिल्या रात्री मी विषय काढला. तो म्हणाला, “दादा, आधी उजेड आहे तोवर गाडी बघून घे.” तिकडे मेमध्ये रात्री नवापर्यंत उजेड असतो.

टपावरचे भोक जेवणाच्या ताटाएवढे होते. धाकट्याने माझ्या हातात एक नाणे दिले आणि भोवतालचे कवच वाजवायला सांगितले. धड फायबरग्लास खणखणीत वाजतो. आत थर सुटले असतील तिथे आवाज बोदा येतो. नारळ वाजवून घेणाऱ्या घरातली आम्ही माणसे, हे काम मला लगेच जमले. बोदा आवाज जिथे संपला तिथे खडूने रेघ मारली. ती भोकाच्या बरीच बाहेर गेली. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पार मागच्या खिडकीपर्यंत होत्या. पण त्या वरच्या रंगीत जेलकोटापुरत्या, दिसायला भयंकर आणि प्रकृतीने निरुपद्रवी.

रेघेपर्यंतचा भाग कापून टाकला. मग कडा घासून उताराच्या केल्या. जाडीच्या १२ पट उतार, असा त्या विद्येतला दंडक आहे: कवच १/८ इंच, तर चहूकडे दीड इंच. सरळ काठाला काठ लावून चिकटवलेले ठिगळ हादऱ्याने निघते. उतारावर पसरलेले जुन्याला धरून राहते. ग्राइंडरची धूळ म्हणजे काचेचीच धूळ. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातमोजे, एवढे करूनही मला मानेपर्यंत खाजखुजली लागल्यासारखे झाले.

आतून भोकाला मेणकागद लावलेला लवचीक पत्रा टेकवायचा आणि वरून काचतंतूंच्या चटया रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवायच्या. पत्र्याचा टेकू मी. रेझिनमध्ये हार्डनर घालतात ते शेकडा एक ते दोन, तेही हवामान पाहून. पहिल्या संध्याकाळी धाकटा ऑफिसातून येऊन कामाला लागला, उन्हे उतरली, पारा घसरला, आणि सकाळी ठिगळ काकवीसारखे चिकट ते चिकटच. सगळे खरवडून काढले. दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा करून हार्डनर सढळ हाताने ओतले. पाच मिनिटांत वाटी हातात तापली, धूर निघू लागला आणि रेझिनचा दगड झाला. “भावोजी, हे वर्गात शिकवू नका,” भावजय म्हणाली. तिसऱ्या वेळी, रविवारी भर दुपारी, तोलूनमापून केले तेव्हा ते बसले. रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढताना वर धाकटा होता आणि खाली मी. मध्ये भिजलेल्या चटईतून त्याच्या हाताची सावली दिसत होती.

टप बुजल्यावर मला वाटले, संपले. पण दार लागेना. एका कोपऱ्यात फट आणि दुसऱ्या कोपऱ्यात घासत होते. दार वाकडे नव्हते. खालचा सांगाडा खचला होता. जमिनीचे प्लायवूड टोचणीने टोचले, तर ओल्या केकसारखे. ते काढण्याआधी कवचाला आतून आडव्या पट्ट्यांचे ठेपे दिले, नाहीतर ही अंडी फाकतात आणि मग कुठलेच दार बसत नाही. जमीन उचकटली आणि खाली, गाडीला ओढून नेणारी दांडी धडाला मिळते तिथे, लोखंडात भेग दिसली. वेल्डर आला. भेग जिथे संपत होती तिथे त्याने आधी बारीक भोक पाडले, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग वेल्डिंग, वर पट्टी. आसाच्या नळीतले रबरही वयाने दगड झाले होते. त्याला दुरुस्ती नाही, आस नवाच घालावा लागला. त्याचे पैसे ऐकून घरात दोन दिवस शांतता होती.

“एवढं भोक दिसत होतं म्हणून आपण वरच बघत बसलो,” धाकटा म्हणाला. मग बराच वेळ काही बोलला नाही. नंतर एकदम विचारले, “दादा, आपल्या घराचे वासे कुणी वाजवून बघितले का रे? का नुसती कौलं पडलेली बघून किंमत ठरवली?”

खरे सांगायचे तर मी रस्त्यावरूनच बघितले होते. दलालही माझ्या शेजारीच उभा होता.

प्लायवूड रेझिन पाजून बसवले, जेलकोट चढवला, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून मी चार दिवस घासत होतो. बाबा खिडकीतून बघत; जवळ कधी आल्या नाहीत. निघायच्या दिवशी मात्र पेरोगी घेऊन आल्या. बटाट्याचे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्याच त्या. आत वाकून त्यांनी कपाटाचे दार उघडले, यादी वाचली, पुन्हा लावले. “फार डास, हे खोटं आहे. ते नेहमी तसंच लिहायचे,” एवढेच बोलल्या.

आम्ही पश्चिमेला निघालो. पोर्टेज ला प्रेरी, ग्लॅडस्टन, मग नीपावा. मार्गारेट लॉरेन्स ही कॅनडाची थोर कादंबरीकार १९२६ साली इथे जन्मली आणि या गावावरून तिने आपले कल्पित मानावाका उभे केले. मला उतरायचे होते. पण धाकट्याचे लक्ष सगळा वेळ मागच्या आरशात. मिनेडोसापासून उत्तरेला वळलो आणि संध्याकाळी रायडिंग माउंटन राष्ट्रीय उद्यानातल्या क्लिअर लेकवर पोचलो. पाणी नावाप्रमाणे. अंधार पडल्यावर लून पक्षी ओरडू लागले; पहिल्यांदा ऐकताना कुणीतरी वेडे हसते आहे असे वाटते.

मध्यरात्री पाऊस आला. दोघेही जागे होतो आणि दोघेही झोपल्याचे सोंग करत होतो. ठिगळाखाली मी तळहात धरला: कोरडा. इतक्यात माझ्या पायावर थेंब पडला. कपाट टांगायला कवचातून आरपार घातलेल्या जुन्या रिव्हेटपैकी एक गळत होती. धाकट्याने न बोलता पेरोगीचे पातेले खाली ठेवले. ती टपटप आम्हां दोघांच्याही ओळखीची होती.

“फाईल कुठे आहे?” त्याने विचारले.

“मोटारीत. भिजायला नको म्हणून.”

“राहू दे तिथेच. दिवाळीत येतो मी. वासे बघू, मग सही.”

मी आग्रह केला नाही.

सकाळी त्याने पेन्सिल काढली आणि आजोबांच्या शेवटच्या ओळीखाली मराठीत लिहिले: ‘क्लिअर लेक. एक रिव्हेट गळते.’