खिडकीतून ऐकलेलं ग्राउंड

टीव्हीवरचा गोल आमच्या घरी नेहमी उशिरा यायचा. पडद्यावर वेस्ट हॅमचा खेळाडू अजून चेंडू घेऊन धावत असायचा आणि मागच्या खिडकीतून आरोळी आत शिरलेली असायची. प्रक्षेपणाला काही सेकंद लागत, ग्राउंडला लागत नसत. मुलगा वैतागायचा, "आई, खिडकी लाव ना!" मी कधी लावली नाही.

पूर्व लंडनमधल्या ग्रीन स्ट्रीटच्या एका गल्लीत आमचं घर. तिथून अगदी जवळ वेस्ट हॅम युनायटेड या फुटबॉल क्लबचं ग्राउंड. त्याचं खरं नाव बोलिन ग्राउंड. तिथल्या एका जुन्या हवेलीचा संबंध राणी अ‍ॅन बोलिनशी जोडला जायचा, त्यावरून पडलेलं. लोक मात्र अप्टन पार्कच म्हणत. १९०४ ते २०१६, इतकी वर्षं क्लब तिथे खेळला.

मी मुंबईतल्या लालबागची. वडील गिरणीत मागावर होते. १९८२च्या संपानंतर घरात जे व्हायचं ते झालं, आणि पुढे लग्न होऊन मी इथे आले ती १९८५च्या शरद ऋतूत. फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. पण हा क्लब मुळात थेम्स आयर्नवर्क्स या जहाजं बांधणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचा, त्याच्या बोधचिन्हातले दोन हातोडे रिव्हेट ठोकणाऱ्यांचे, हे शेजारच्या म्हाताऱ्या गोदी कामगाराने सांगितलं तेव्हा तो मला एकदम ओळखीचा वाटला. कारखाना १९१२ साली बंद पडला, संघ राहिला. आमच्याकडेही गिरण्यांचे कबड्डीचे संघ होते. वडिलांना पत्रातून हे कळवलं, तर त्यांचं उलट पत्र आलं: संघ कुठल्या नंबरावर आहे? त्या हंगामात वेस्ट हॅम लीगमध्ये तिसरा आला. इतका वर तो आजवर कधीच गेलेला नाही.

तरी पहिली काही वर्षं ग्राउंडची भीतीच जास्त. मॅचच्या दिवशी शेजारच्या गुजराती मावशी सकाळीच बजावायच्या, "बेन, बारा वाजता घरात." क्वीन्स मार्केटमधून मेथी-भेंडी घेऊन मी घाईने परतायची. साड्यांच्या दुकानांची शटर्स अर्ध्यावर यायची. ही भीती उगाच नव्हती. सत्तरच्या दशकात वंशद्वेषी नॅशनल फ्रंटवाले ग्राउंडबाहेर उघड आपली पत्रकं विकत. बर्म्युडाहून आलेल्या वेस्ट हॅमच्या क्लाइड बेस्टला इंग्लंडभरच्या मैदानांवर काय काय ऐकावं लागलं, ते त्याने स्वतःच पुढे लिहिलं आहे. आणि याच ग्राउंडवर, याच क्लबने, १ एप्रिल १९७२ रोजी बेस्ट, क्लाइव्ह चार्ल्स आणि अ‍ॅडे कोकर असे तीन काळे खेळाडू एकत्र उतरवले होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यातली एक सांगून दुसरी गाळणाऱ्यांच्या आठवणींवर माझा विश्वास बसत नाही.

घरात बसून मी ऐकायला शिकले. आपला गोल झाला की आवाज जमिनीतून आल्यासारखा यायचा, ओट्यावरची भांडी हलायची. समोरच्यांचा झाला की एका कोपऱ्यातून बारीक ओरडा आणि बाकी सगळं गप्प. थोडक्यात हुकला तर लांबलचक सुस्कारा. सामन्याआधी क्लबचं ते बुडबुड्यांचं गाणं. सामना संपला की स्टेशनपर्यंत रांग, घोड्यांवरचे पोलीस, तळलेल्या कांद्याचा वास. मॅच न बघता मी निकाल सांगायची आणि तो क्वचितच चुकायचा.

१९९३च्या फेब्रुवारीत बॉबी मूर गेला, कॅन्सरने, ५१व्या वर्षी. १९६६चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडचा कर्णधार वेस्ट हॅमचा, आणि अंतिम सामन्यातले इंग्लंडचे चारही गोल वेस्ट हॅमच्याच हर्स्ट आणि पीटर्सचे. हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं. त्या आठवड्यात ग्राउंडच्या फाटकावर मफलर बांधायला सुरुवात झाली. आधी आपल्या रंगाचे, गडद लाल आणि निळे. मग आर्सेनलचे, टॉटनहॅमचे, ज्यांचं नाव काढलं तरी इथे शिव्या पडतात त्यांचेही. मी शाळेतून मुलाला घेऊन येत होते. तो म्हणाला, आपण काय बांधायचं? आमच्याकडे मफलर नव्हता. कोपऱ्यावरून झेंडूची फुलं घेतली आणि तिथे ठेवली. बाजूला उभा असलेला एक दांडगा माणूस, ज्याच्यासारख्यांना बघून मी रस्ता ओलांडायची, त्याने सरकून जागा केली आणि मुलाला उचलून वरचे मफलर दाखवले. त्यानंतर मी रस्ता ओलांडणं सोडलं.

पुढे आम्ही आत जाऊ लागलो. उभं राहायच्या पायऱ्या जाऊन खुर्च्या आल्या होत्या, तरी मैदान इतकं जवळ की खेळाडूंचे श्वास ऐकू यावेत. २६ मार्च २०००ला विम्बल्डनविरुद्ध आमच्या सिंक्लेअरने चेंडू उंच टाकला आणि डी कॅनिओने हवेतच, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले असताना, तो जाळ्यात मारला. क्षणभर ओरडायचंही कुणाला सुचलं नाही. तो आवाज खिडकीतून कसा वाटला असता, हा विचार मला तिथेही शिवून गेला.

१० मे २०१६च्या शेवटच्या सामन्याचं तिकीट एकच मिळालं, ते मुलाला दिलं. ग्रीन स्ट्रीटवर इतकी गर्दी की मँचेस्टर युनायटेडची बस अडकली, तिच्यावर बाटल्या फेकल्या गेल्या आणि सामना ४५ मिनिटं उशिरा सुरू झाला. त्या बाटल्यांची मला लाज वाटली, आजही वाटते. घरी टीव्ही लावला होता. दोन-दोन अशी बरोबरी. आणि ८०व्या मिनिटाला, फ्री किक अजून घ्यायची होती तेव्हाच, खिडकीतून आरोळी आली. रीडचं हेडर मी नंतर पाहिलं.

आता तिथे ८४२ घरांची वसाहत आहे. क्लब स्ट्रॅटफर्डला, ऑलिंपिकसाठी बांधलेल्या मोठ्या स्टेडियममध्ये गेला. तिथे खुर्च्या आणि मैदान यांच्यात फार अंतर आहे, माझ्या मुलाचं त्यावर प्रेम बसत नाही. शनिवारी आमची गल्ली शांत असते. मॅचच्या दिवसांवर चालणाऱ्या कॅफेंना ती शांतता महागात पडली. लालबागला गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिला तेव्हा वडील तिकडे बघायचेसुद्धा नाहीत. मी इथल्या वसाहतीकडे बघते. त्या घरांत राहणाऱ्यांचा काही दोष नाही.

२०२३च्या जूनमध्ये प्रागला फिओरेंटिनाला हरवून वेस्ट हॅमने युरोपचा कॉन्फरन्स लीग करंडक आणला. दुसऱ्या दिवशी उघड्या बसची मिरवणूक निघाली ती स्ट्रॅटफर्डच्या दिशेने, पण सुरुवात आमच्याच भागातून, बार्किंग रोडवरच्या मूर, हर्स्ट, पीटर्स आणि विल्सन यांच्या पुतळ्यापासून. आम्ही सगळे गेलो. नात ग्राउंड पाडल्यानंतर जन्मलेली. तिने विचारलं, "आजी, ग्राउंड नक्की कुठे होतं?" मी हात केला. मुलगा म्हणाला, "आई, तिकडे नाही, अजून डावीकडे, तू बसायचीस ते स्टँड त्या गच्चीच्या जागी." मी म्हटलं, मुळीच नाही. पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी वळून आम्हा दोघांनाही चूक ठरवलं आणि स्वतःचं बोट तिसरीकडेच दाखवलं. बस आली तरी आमचा वाद चालूच होता.