फोनमधला डग्गा

फोनच्या स्पीकरवर डग्गा ऐकू येत नाही. तबल्याचा ‘ना’ खणखणीत येतो, गिटारची तार येते, गाणाऱ्याचा श्वाससुद्धा येतो. डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्‌झच्या आसपासचा, आणि फोनच्या बुडाशी बसवलेला इवलासा स्पीकर त्याच्या बराच वर असतानाच दमतो. रील कापणाऱ्या सगळ्यांना हे माहीत आहे आणि बहुतेकांनी ते सोडून दिलं आहे. मिक्स करणारा डग्ग्यात वरचे स्वरांश थोडे मिसळतो, राहिलेला खर्ज ऐकणाऱ्याचा कान आपणहून भरून काढतो, काम भागतं. माझं भागत नाही. मनगट दाबून डग्ग्याचा सूर जो वर सरकवतात, तो त्या मिसळीत प्लास्टिकचा होतो. आणि खर्जाबरोबर आणखी एक गोष्ट जाते. तालातली खाली जाते.

तीनतालात खालीच्या विभागात ‘धिं’चं ‘तिं’ होतं. तबला जे बोलत होता तेच बोलतो, डग्गा तेवढा गप्प बसतो. ऐकणाऱ्याला आवर्तनात आपण कुठे आहोत हे त्या गप्प बसण्यातून कळतं. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आता लांब नाही, हे तिथून कळायला लागतं. फोनवर ‘धिं’ आणि ‘तिं’ जवळजवळ एकच. सोळा मात्रांचे चार सारखे चौकोन होतात. गायक मुखडा घेऊन समेवर येतो तेव्हा ऐकणाऱ्याला तो कुठून तरी निघून कुठे तरी पोहोचल्यासारखं वाटत नाही, नुसता एक ठोका जोरात पडल्यासारखा वाटतो. गेली काही वर्षं मी याच एका गोष्टीमागे आहे: जी खाली कानाला मिळत नाही, ती डोळ्याला कशी द्यायची?

2020 च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील सुरू केली. तोवर मी तास-तासभराचे संगीताचे कार्यक्रम कापत होते. स्वतःच्या पैशानं गाणी करणारी मुलंमुली माझ्याकडे यायला लागली ती तेव्हापासून. त्यांच्यामागे कंपनी नव्हती, जाहिरात नव्हती. घरच्या खोलीत ध्वनिमुद्रित केलेलं एक गाणं आणि मित्रानं फोनवर घेतलेलं फुटेज. रील तेव्हा पंधरा सेकंदांची. मिनिटाला शहाण्णव मात्रांच्या लयीत तीनतालाचं एक आवर्तन बरोबर दहा सेकंदांचं होतं, म्हणजे पंधरा सेकंदांत दीड. रील संपली की आपोआप पहिल्यापासून सुरू होते, तेव्हा आठव्या मात्रेवरून थेट पहिलीवर उडी पडायची. तबला शिकलेल्या माणसाला ते पायरी चुकल्यासारखं लागतं. पुढे तीस सेकंद झाले, साठ झाले, नव्वद झाले, आता तीन मिनिटंही चालतात. आवर्तनं पुरी बसायला लागली. खालीचा प्रश्न मात्र लांबी वाढल्यानं सुटत नाही.

सुरुवातीला मी खालीला चित्र अंधारं करून पाहिलं. पडदा काळा झाला की बघणाऱ्याला रील संपलीशी वाटते आणि अंगठा वर सरकतो. मग लांबचा शॉट लावून पाहिला: भरीला, म्हणजे डग्गा वाजतो त्या विभागांत, जवळचे चेहरे, खालीला सगळी खोली. कागदावर हे चोख दिसतं. पण उभ्या पडद्यावर लांबच्या शॉटमधली माणसं मुंगीएवढी होतात, खालच्या पट्टीत नाव आणि मजकूर, उजवीकडे बटणं, त्यात मुंग्याही झाकल्या जातात. रंग फिका करून पाहिला; ते लग्नाच्या अल्बमसारखं दिसलं. शेवटी हाताला लागलं ते असं, की भरीला दर दोन मात्रांनी कट द्यायचे आणि खालीला कट द्यायचाच नाही. डोळ्याला तोवर सवय लागलेली असते. तो पुढच्या कटाची वाट बघतो आणि कट येत नाही. डग्गा थांबतो तसं चित्र थांबतं. समेचा कट मी ठोक्याच्या दोन फ्रेम आधी देते. बरोबर ठोक्यावर दिला तर तो उशिरा आल्यासारखा वाटतो, हे कापणाऱ्याला सांगायला नको.

ही युक्ती माझी आहे, आणि ती कुणाच्या तरी लक्षात यावी असं मला फार वाटत आलं आहे. संगीतकार म्हणतात, ‘ताई, छान झालं.’ छान कशामुळे झालं, हे त्यांनी विचारावं म्हणून मी फोन धरून बसते. हजारो लोकांनी पाहिलेल्या रीलखाली गायिकेच्या आवाजाचं कौतुक असतं, तिच्या ओढणीचं असतं. कटाबद्दल एक ओळ सापडावी म्हणून मी रात्री शेवटपर्यंत वाचत जाते. चांगला कट दिसू नये असं मी शिकवताना सांगते आणि माझा दिसावा असं मनात धरते. दोन्ही मला मनापासून वाटतं.

मग कानाचं झालं. ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक मला गाण्यात कमी कळायला लागला होता. कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली. आलेखाची रेघ चार हजार हर्ट्‌झपाशी खड्ड्यासारखी खाली गेली होती आणि पुढेही फारशी वर आली नव्हती. वय आणि वर्षानुवर्षांचे हेडफोन, दोन्ही मिळून. गेलेलं परत येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे फोन खालचं खातो आणि माझं वय वरचं. तबल्याच्या चाटीवरची धार, झांजेची किणकिण, सांध्यावर राहिलेला बारीक ‘टिक’ मला आता नीट लागत नाही. डग्गा लख्ख ऐकू येतो. त्या दिवसापासून एक शंका मनातून जात नाही: खालीचा हा सगळा ध्यास तालासाठी आहे की मला जे अजून ऐकू येतं त्याला धरून राहण्यासाठी? काम देणाऱ्यांपैकी कुणालाही मी हे सांगितलेलं नव्हतं. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

शिकायला आलेला मुलगा धाराशिवकडचा. घरात भजन, लहानपणापासून दिंडीत टाळ वाजवत चालायचा, मृदंगाच्या डाव्या अंगाला कणीक लावताना बघत मोठा झालेला. सॉफ्टवेअर त्याला माझ्याहून चांगलं येतं, त्यात मी काही शिकवलं नाही. सांधे तपासायचं काम मी त्याच्याकडे दिलं, कारण त्याला ते ‘टिक’ ऐकू येतात. शिवाय तो सगळं फोनवरच ऐकतो. मी हेडफोनमध्ये डग्गा ऐकते, तो फोनवर तबला ऐकतो. पुरा ठेका आमच्यापैकी एकालाही एकट्याने ऐकू येत नाही.

एकदा माझा खालीचा न कापलेला शॉट बघून तो म्हणाला, ‘ताई, हे कळतंय, पण उशिरा कळतंय. कट आला नाही हे कळायला दोन मात्रा जातात. तोवर खाली अर्धी संपते.’ तीनतालात चालून जातं, पण दादऱ्यात? नेपाळच्या एका गायकाचं काम तेव्हा हातात होतं, झ्याउरेच्या सहा मात्रांच्या डोलावरचं. तबलजीनं त्यावर सरळ दादरा धरला होता. त्याची खाली तीनच मात्रांची, त्या लयीत दीड सेकंद. तिथे माझी युक्ती पोहोचतच नव्हती. ‘मग कसं करायचं?’ मी विचारलं. त्यानं हातावर ताल धरला. टाळीला टाळी दिली, खालीला तळवा उलटून बाजूला नेला. बसल्या जागी, सहज.

खाली डोळ्याला दाखवायची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मैफलीत पहिल्या रांगेतले जाणकार तेच करत बसलेले असतात. मी ते आयुष्यभर पाहिलं होतं. पडद्यावर आणायचं त्याला सुचलं. हात दाखवायचा नाही, हाताची दिशा घ्यायची. खालीच्या पहिल्याच मात्रेला चित्रातली हालचाल बाजूला जाते: गायिका मान वळवते, कॅमेरा सरकतो, खिडकीचा पडदा हलतो. भरीला सगळं समोरून आणि खालून वर. मला पटायला वेळ लागला, कारण ते माझं नव्हतं. आता आम्ही चित्रीकरणाच्या आधीच आवर्तनं मोजून ठेवतो, तबलजीच्या डाव्या हातावर वेगळा कॅमेरा ठेवतो, आणि कुठल्या मात्रेला कुणी कुठे वळायचं ते ठरवतो. क्लिक न लावता वाजवलं की लय चढते. चौऱ्याऐंशीला सुरू झालेलं सत्त्याऐंशीवर संपतं आणि लूपच्या सांध्यावर धक्का बसतो. तिथे मी थोडा ताण सोडते, म्हणजे शेवटचं आवर्तन कानाला न कळेल इतकं सैल करते. मुलाला हे आवडत नाही. वादकानं चढवलेली लय आपण का उतरवायची, असं त्याचं म्हणणं.

डाव्या हाताबद्दल एक सांगायलाच हवं. डिसेंबर 2024 मध्ये झाकीर हुसेन गेले, तेव्हा चार-पाच दिवस फोनवर त्यांच्याशिवाय दुसरं काही नव्हतं. माझ्यासमोर आलेल्या तुकड्यांत बहुतेक सगळे उजव्या हाताच्या वेगाचे, रेल्याचे, केस उडतानाचे. ज्या डाव्या हातानं डग्ग्याला बोलायला लावलं, तो चौकटीच्या बाहेर कापलेला. आडवं चित्रण उभं करताना मधला भाग ठेवतात आणि कडा टाकतात. डग्गा कडेला असतो. इतक्या मोठ्या माणसाला निरोप देताना त्याचा अर्धा ठेका आपण कापून टाकला, याचं मला अजून वाईट वाटतं.

हल्ली आपोआप कट देणाऱ्या सोयी आल्या आहेत. वेव्हफॉर्मचं टोक दिसलं की कट. ज्या संगीतात प्रत्येक ठोका भरीचा आहे तिथे ते ठीक चालतं. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ 2024 मध्ये घराघरांत वाजत होतं. मराठी शब्द हाउस संगीताच्या ठोक्यावर इतके घट्ट बसलेले ऐकून मला खरोखर आनंद झाला. तिथे खाली नाही आणि ती शोधायला जाऊही नये. पण हीच सोय लोक ठुमरीच्या अंगानं गाणाऱ्या मुलीला लावतात. मिंडेला टोक नसतं. सोय टोक शोधत राहते आणि शेवटी श्वासावर कट मारते. काही जण तर गाण्याकडे बघतही नाहीत: पावसाची खिडकी, चहाचा पेला, रेल्वेचं दार, वर गाण्याचे शब्द, गाणं कुठलंही असो. यानं बघणाऱ्यांचा आकडा वाढतो, हे मी नाकारत नाही. मात्र त्या खिडकीमागे कुठलीही दुसरी गायिका बसवली तरी चालते, आणि स्वतंत्रपणे गाणाऱ्या माणसाकडे तर स्वतःच्या वेगळेपणाशिवाय दुसरं भांडवल नसतं. श्रीलंकेच्या योहानीचं ‘मणिके मगे हिते’ 2021 मध्ये आपल्या गल्लीबोळांत पोहोचलं, तेव्हा त्यातला एक सिंहली शब्दही बहुतेकांना कळत नव्हता. लोक तिचा चेहरा बघत होते, ती गाताना जशी डोलत होती तशी डोलत होते.

सध्या अडलं आहे ते रूपकात. सात मात्रा: ती ती ना, धी ना, धी ना. रूपकाची समच खाली. लूपचा सांधा समेवर आणला की रील गप्प डग्ग्यावर सुरू होते. फोनवर ते कळत नाही, आणि बाजूला जाणारी हालचाल पहिल्याच क्षणी दाखवली तर बघणाऱ्याला ती कशापासून बाजूला गेली तेच ठाऊक नसतं. गझल आहे, स्वतःच चाल बांधलेल्या एका मुलीची. लय चौऱ्याऐंशीची, म्हणजे आवर्तन नेमकं पाच सेकंदांचं, सहा आवर्तनांत तीस सेकंद. कापायला इतकं सोयीचं गाणं क्वचित मिळतं. मुलगा म्हणतो, सांधा चौथ्या मात्रेवर आणा, पहिल्या ‘धी’वर, गायिका तिथूनच उठते. मी म्हणते, उठाव वेगळा आणि सम वेगळी. रील फिरत राहिली की सांधा हीच सम होऊन बसते, आणि तिसऱ्या फेरीला बघणारा चौथीला पहिली समजून मान हलवायला लागतो. ‘मग हलवू दे ना, ताई,’ तो म्हणाला, ‘भजनात बसलेली निम्मी माणसं तशीच हलवतात, आणि शेवटी बरोबर येतात.’

तबलजीला विचारलं. त्यानं दोन्ही पाहिलं आणि मुलाच्या बाजूनं कौल दिला. गायिकेनंही तेच निवडलं. रील त्याच्या सांध्यानं गेली आणि चांगली चालली आहे. मी ती डग्गा ऐकू येईल अशा मोठ्या स्पीकरवर लावून पाहिली, आणि तिथे मला माझाच सांधा खरा वाटतो. पुढचं ध्वनिमुद्रण पुन्हा रूपकातलंच आहे. समेच्या आधीचे दोन ‘धी’ फोनवरही भरीचे वाटतील असं काहीतरी चित्रात सापडलं, तर सम खाली पडलेली दिसेल, असा माझा अंदाज आहे. त्यासाठी तबलजीला डाव्या हाताची बाही वर घेऊन बसायला सांगितलं आहे, आणि दिवा त्या बाजूनं लावणार आहे.