शहाबादच्या खाणीपासून आमच्या अंगणापर्यंत



शहाबादी फरशी ठाऊक नाही असे घर आपल्या भागात शोधूनच काढावे लागेल. स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीची मोरी, शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, सगळीकडे ती निळसर करडी फरशी आहेच. पण ज्या शहाबादचे नाव आपण रोज घेतो, ते गाव आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? मीही नोकरीची पंचवीस वर्षे उलटेपर्यंत पाहिले नव्हते. वास्तविक सोलापूरहून रेल्वेने निघाले तर तीनेक तासांची वाट. मी तिकडे गेलो तो माझ्याच एका चुकीपायी. ती चूक आधी सांगतो, म्हणजे तुमच्या हातून ती होणार नाही.

आमचे गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातले. जमीन काळी, खोल. घराच्या पूर्वेला, स्वयंपाकघराच्या दारापासून परसबागेपर्यंत वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. धान्य वाळवणे, शेंगा फोडणे, संध्याकाळी टेकायला बसणे, सारे तिथेच. पावसाळ्यात मात्र तिथे घोट्याएवढा चिखल व्हायचा. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मी तिथे फरशी घालून घेतली. गवत खरवडले, वर दोन इंच वाळू पसरली, सिमेंटचा माल टाकला आणि चांगली गुळगुळीत पॉलिशची फरशी बसवली. खर्च बराच झाला, पण जागा आरशासारखी दिसू लागली. शेजारीपाजारी येऊन पाहून गेले.

मृगाचा पाऊस झाला आणि फरशीला कंप सुटला म्हणा ना! दिवाळीपर्यंत काही फरश्या वर उचलल्या, काही खाली बसल्या. उतार फिरला आणि पाणी घराच्या जोत्याकडे येऊ लागले. पुढच्या उन्हाळ्यात सांधे फाटले. मी आज बघू, उद्या बघू करीत राहिलो. आषाढात एका सकाळी आई तुळशीला पाणी घालायला निघाली. तिचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. वर आलेल्या एका कोपऱ्याला तिचा अंगठा अडला, गुळगुळीत ओल्या फरशीवर तोल सावरला नाही आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये होता.

मी घाईघाईने गवंड्याला बोल लावू लागलो, तेव्हा आई अंथरुणावरून म्हणाली, "त्याला कशाला बोलतोस? काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, असं तूच गावोगाव सांगत फिरतोस ना? मग आपल्या घरची माती काय गोरी होती?"

यावर बोलायला मला जागाच नव्हती. ज्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर मी नुसती वाळू अंथरून दगड ठेवला होता. कृषी पदवीधराच्या घरी, दिव्याखाली अंधार!

हात बरा झाल्यावर गाणगापूरला जाईन, असे आई बोलली होती. दत्तजयंतीची गर्दी ओसरल्यावर आई, सौ. आणि मी असे तिघे निघालो. हा लोहमार्ग फार जुना. मुंबईकडून आलेली गाडी १८७१ मध्ये याच वाटेने रायचूरला पोहोचली आणि मद्रासच्या गाडीला मिळाली. अक्कलकोट रोड, दुधनी मागे पडले की कर्नाटक लागते. पण खिडकीतून पाहणाऱ्या शेतकऱ्याला राज्य बदलल्याचे कळत नाही. तीच काळी जमीन, तीच ज्वारी. तूर मात्र जिकडे पाहावे तिकडे. कलबुर्गी जिल्हा तुरीसाठी नावाजलेला. २०१४ पर्यंत आपण त्याला गुलबर्गा म्हणत होतो. तिथल्या तुरीच्या डाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

गाणगापूरला भीमा आणि अमरजेचा संगम आहे. भीमाशंकरला उगम पावलेली आणि पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वाहणारी आपली भीमाच ती. संगमावर स्नान झाले, पादुकांचे दर्शन झाले, दुपारी माधुकरी झाली. आई म्हणाली, "आता तुझा तो शहाबादचा दगड कुठून येतो, तेही बघून टाकू. ज्यानं मला पाडलं त्याचं गाव तरी बघते." मग दुसऱ्या दिवशी कलबुर्गीहून पंचवीसएक किलोमीटरवरच्या शहाबादला गेलो. सोलापूरच्या एका फरशीवाल्याने तिथल्या खाणमालकाला निरोप दिला होता.

गावाजवळून कागिणा नदी वाहते. ती पुढे भीमेलाच मिळते. हा सगळा पट्टा चुनखडकाचा आहे. म्हणूनच इथून वाडीपर्यंत सिमेंटचे कारखानेही उभे राहिले. खाण म्हटल्यावर डोंगर फोडलेला असेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात सपाट रान. कडेला तुरीचे शेत, आणि शेताच्या बांधापलीकडे एकदम खाली उतरत गेलेला खड्डा. त्या खड्ड्याची भिंत पाहिली आणि मी उभाच राहिलो. वर काळी माती, आणि तिच्याखाली एकावर एक रचून ठेवल्यासारखे दगडाचे थर, जणू दुकानातल्या वह्यांची चळतच. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ थराथराने बसत गेला, त्याचा हा दगड. म्हणूनच तो पत्र्यासारखा सपाट सुटतो. फरशी घडवावी लागत नाही, निसर्गानेच ती घडवून ठेवली आहे. माणसाने फक्त कडा कापायच्या.

आता कापायला चाकाची यंत्रे आली आहेत. खाणीच्या तळावर यंत्र फिरते, पात्यावर पाणी सोडलेले असते, दगडावर सरळ रेघा पडत जातात. मग माणसे पहार आणि पाचर घालून एकेक थर उचलतात. उन्हात वाकून करायचे हे काम सोपे नाही. आपल्या ओट्यावरची फरशी पुसताना त्या हातांची आठवण ठेवावी.

तिथे साठीच्या पुढचा एक कामगार फरश्या निवडत होता. कानडी, दखनी आणि थोडी मराठी अशा मिसळीत तो बोलायचा. प्रत्येक फरशी उभी करायची आणि हातोडीने हलकेच ठोकायची. खणखणीत वाजली तर अखंड, भदभद वाजली तर आत चीर. ही परीक्षा तुम्हीही दुकानात करून पाहा, पैसे लागत नाहीत. त्याला मी माझी रडकथा सांगितली. तो हसला आणि पायाखाली बोट दाखवून म्हणाला, "पत्थर को कुछ नहीं होता साहेब. नीचे क्या डाला था, वो बोलो." मग वरच्या काळ्या मातीकडे हात केला. दगड काढायचा तर आधी ती माती हलवावी लागते, हे रोज पाहणाऱ्या माणसाला मला वेगळे काही सांगावे लागले नाही.

खाणीच्या कडेला तुकड्यांचे मोठाले ढीग पडले होते. कापताना, उचलताना तुटलेला माल. मालक म्हणाला, चौकोनी फरशीला गिऱ्हाईक आहे, याला कमी. आई काठी टेकत तिथवर आली आणि ढिगाकडे पाहून म्हणाली, "गोधडीला काय अखंड लुगडं लागतं होय?" माझ्या अंगणाचा आराखडा तिथेच ठरला.

माघात जुनी फरशी उपटली आणि कामाला लागलो. तुम्हालाही करता येईल म्हणून ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट हंगामाची. काळ्या जमिनीत हे काम दिवाळीनंतर होळीच्या आत करावे. तेव्हा जमीन चिखल नसते आणि भेगाळलेलीही नसते.

जागा आखून घेतली आणि नऊ इंच काळी माती काढली. ती परसबागेत वाफ्यांना घातली, वाया गेली नाही. माती फारच खोल आणि भारी असेल तर एक फूट काढावी. खड्ड्याच्या तळालाच घरापासून बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, दर चार फुटांना एक इंच. आमच्या बारा फुटांत तीन इंच उतार मिळाला. उतार डोळ्यांनी ठरवू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी पाहा, आणि मग दोरी बांधा.

त्यानंतर मुरूम. आमच्या विहिरीच्या खोदाईतला ढीग बांधावर पडूनच होता. एकदम भरायचा नाही. तीन इंचांचा थर, त्यावर पाणी शिंपडायचे आणि धुमसाने ठोकून बसवायचे, मग पुढचा थर. असे तीन थर. टाच मारली तर खूण उमटता कामा नये. सैल मुरूम ठोकल्यावर बसतो, म्हणून हिशेबापेक्षा चौथा हिस्सा जास्त धरावा. आमच्या २४० चौरस फुटांना सव्वादोन ब्रास, म्हणजे ट्रॅक्टरच्या सव्वादोन ट्रॉल्या लागल्या.

मुरुमावर दीड इंच कच पसरली. ही खडीच्या क्रशरवर मिळते. नदीच्या वाळूच्या मागे लागण्याचे कारण नाही. त्यावर दीड इंच जाडीचे तुकडे, खडबडीत बाजू वर ठेवून, लाकडी हातोडीने ठोकून बसवले. अंगणात पॉलिशची फरशी कधीही घालू नका. मोठे तुकडे कडेला आणि दारात, लहान मध्ये. बाहेरच्या तिन्ही कडांना दगड उभे गाडले, म्हणजे तुकडे सरकत नाहीत. सांधे अर्धा इंच ठेवून त्यात कचच झाडूने भरली. सिमेंट कुठेही वापरले नाही. जमीन थोडी हलली तरी तुकडा तिच्याबरोबर हलतो, फुटत नाही.

फरशी जोत्याच्या वरच्या कडेपासून निदान नऊ इंच खाली राहील असे पाहा. बाहेरच्या कडेला उथळ चर काढून पाणी परसबागेत सोडा. झाड असेल तर बुंध्याभोवती अडीच-तीन फूट जागा मोकळी ठेवा. सगळे आवार दगडाने झाकू नका, पावसाचे पाणी मुरायला माती लागते.

फरशी दोन अडीच ब्रास लागली. तुकडा घेतल्यामुळे अखंड फरशीच्या निम्म्याहून कमी पैसे पडले. गवंडी फक्त एक दिवस, उतार आणि कडा बघायला. बाकी काम आम्ही घरच्यांनी आठवड्याभरात केले. जी बचत झाली ती फरशीवर नव्हे, खालच्या मुरुमावर आणि ठोकणीवर घालवा, एवढेच माझे सांगणे आहे.

हा दगड चुन्याचा आहे, म्हणून त्याला आंबट चालत नाही. लिंबाचा रस किंवा चिंचेचे पाणी सांडले तर लगेच धुवावे. संडास धुण्याचे ॲसिड तर फरशीजवळ नेऊच नये, दगड खाल्ला जातो. पावसाळ्यात शेवाळ धरले तर काथ्याच्या ब्रशने आणि राखेने घासावे. सांध्यातले गवत पहिल्या पावसानंतर हाताने उपटावे, मुळे सहज निघतात.

या कामाला दोन पावसाळे झाले. मागल्या श्रावणात नळाजवळचे दोन तुकडे थोडे खाली बसले. ते पहारीने उचलले, खाली दोन पाट्या कच टाकली आणि पुन्हा बसवले. अर्ध्या तासाचे काम. सिमेंटमध्ये असते तर घण लागला असता.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. सकाळी तुळशीला पाणी घालायला ती एकटी जाते. सौ. हात धरू गेली तर झिडकारते. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, तुरीची डाळ, सगळे त्या अंगणात वाळते. कोणी पाहुणा फरशीची तारीफ करू लागला की आई त्याला उतार दाखवते आणि म्हणते, "वरचं काय बघता? खाली किती ठोकलंय ते याला विचारा."